बिदाईच्या चालीवर धुतलेली फिल्म

लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, तोंडात क्लॅरिनेट आणि डोळे तारेवरच्या खंड्याकडे, अशा अवतारात मी बालाघाट जिल्ह्यातल्या रस्त्यांवरून कितीतरी वर्षं चाललो. वरातीत क्लॅरिनेटवाल्याने समोर बघायचं असतं. समोर म्हणजे नाचणाऱ्या पाहुण्यांकडे आणि बँडमास्टरच्या हाताकडे. मी वर बघायचो. एकदा वारासिवनीत तळ्याच्या कडेने वरात चालली होती. खंड्याने तारेवरून पाण्यात सूर मारला आणि त्याच्याबरोबर मीही अंतऱ्यात उडी मारली. बाकीचा बँड अजून मुखड्यातच होता. मास्टर उलट्या पावलांनी चालत माझ्याजवळ आला आणि कानाशी म्हणाला, "कुठी चालला बे तू एकटाच? आमालेही घेऊन जाय."

माझं सगळंच तेव्हा असं चाललं होतं. वाजवताना मन तळ्याकाठी, आणि तळ्याकाठी बसलो की कानात ढोल. एका जागी माझी मांडी कधी ठरली नाही. जेवायला बसलो तरी एक पाय हलत असायचा. बायको म्हणायची, "एक ना धड भाराभर चिंध्या. अवो, काहीतरी एक करा ना." मला राग यायचा, कारण ती खरं बोलायची. राग मला फार लवकर यायचा. अजूनही येतो.

या अस्वस्थपणाचं मूळ बाकडे जातं. बा म्हणजे माझा बाप. आमचं गाव बालाघाट आणि वारासिवनीच्या मधे, नॅरोगेजच्या छोट्या गाडीच्या रुळापासून कोसभर आत, वैनगंगेच्या अंगाला. बा गावचा डफ वाजवणारा. त्याच्या आधी त्याचा बाप वाजवायचा, आणि त्याच्याही आधी त्याचा. कोणाकडे लग्न असो, देव असो की मयत असो, हाक आली की डफ शेकून निघायचं. वाजवून झालं की मांडवाच्या बाहेर, उकिरड्याच्या बाजूला बसून जेवायचं. छप्पन साली बा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होतो. आल्या दिवशी त्याने डफाचं कातडं फाडून चुलीत घातलं आणि नुसतं लाकडी कडं खुंटीला टांगलं. कडं का ठेवलं ते त्याने कधी सांगितलं नाही. त्या वर्षीच्या लग्नसराईत पहिली हाक आली तेव्हा तो दारात उभा राहून म्हणाला, "आता नाई वाजवत." त्यानंतर दोन वर्षं गावात त्याला कोणी कामावर बोलावलं नाही. तो वारासिवनीच्या राइस मिलमध्ये पोती उचलायला जायचा. मग शेजारच्या गावातल्या एकाची धानाची बांधी, म्हणजे खाचर, त्याला बटईने, अर्ध्या वाट्यावर कसायला मिळाली आणि घर सावरलं.

आणि मी काय केलं? कामाच्या शोधात बालाघाटला आलो आणि वर्षाच्या आत बँडपार्टीत शिरलो. मास्टरनेच मला क्लॅरिनेट शिकवलं. मला वाटलं, डफ वेगळा आणि क्लॅरिनेट वेगळं. इथे कोट होता, टोपी होती, पायात बूट होते, आणि बोलावणं यायचं ते मास्टरच्या नावाने, जातीच्या नावाने नाही. पहिल्यांदा कोट मिळाला तेव्हा तो घालून मी मोठ्या ऐटीत गावी गेलो. बाने मला खालून वरपर्यंत पाहिलं.

"कपडे बदलले," तो म्हणाला. "काम तेच."

त्या दिवसापासून बाने माझ्या घराचा उंबरठा ओलांडला नाही. बालाघाटच्या बाजाराला यायचा, दारापर्यंत यायचा, वांगी-शेंगा सुनेच्या हातात द्यायचा आणि रस्त्यावर उभ्यानेच पाणी प्यायचा. दारातून आतल्या खुंटीवरचा लाल कोट दिसायचा. "आत या ना, मामाजी," बायको म्हणायची. "गाडीचा टाइम झाला," बा म्हणायचा. गाडीला अजून दोन तास असायचे. मला ते फार लागायचं. तरी वाजवणं सोडावं असं मात्र मला कधी वाटलं नाही. ते मला आवडायचं, आणि हे त्याला तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती.

कॅमेरा आला तो लग्नांमधूनच. बँडवाला आणि फोटोवाला, दोघेही लग्नात बोलावलेले आणि दोघेही पाहुणे नसलेले. वरात जानोशावर, म्हणजे वऱ्हाडाच्या उतरायच्या जागी, टेकली की पुढचे तीन-चार तास बसून काढायचे. वारासिवनीचा एक स्टुडिओवाला असाच माझ्याशेजारी बसता बसता दोस्त झाला. त्याच्या बहिणीच्या लग्नात मी जीव ओतून वाजवलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याने आपला जुना डबा कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. एका फिल्मवर बारा फोटो यायचे. वरून एका काचेत बघायचं, आणि त्यात डावीकडचं सगळं उजवीकडे दिसायचं. "यानं माणसाचे फोटो काढ," तो म्हणाला. "माणूस उभा तं राह्यते."

मी पाखरांच्या मागे लागलो. पाखराला कोण वाजवतो आणि कोण नाचतो याचं काही पडलेलं नसतं, हे एक कारण. दुसरं लपवण्यात अर्थ नाही. वाजवण्यापलीकडेही मी काहीतरी आहे हे मला बाला दाखवायचं होतं. एकच फोटो, पण असा, की तो बघायला बा उंबरठा ओलांडून आत येईल. त्यासाठी मी वेड्यासारखा धावत होतो.

धावत होतो हे खरंच. लग्नसराईत आमचा ट्रक बैहरकडे निघाला की घाटात कुठेतरी इंजिन तापायचं. ड्रायव्हर पाणी घालेपर्यंत मी उतरून जंगलात पसार. एकदा धनेशाची जोडी उंच झाडावर दिसली. मी हळूहळू, झाडाआडून, अगदी शिकाऱ्याच्या पावलांनी पुढे सरकलो आणि दोन्ही पाखरं ओरडत उडून गेली. मग लक्षात आलं, अंगात लाल कोट होता आणि खांद्यावरची झालर उन्हात चमकत होती. परत आलो तर ट्रक नव्हता. मागून येणाऱ्या फॉरेस्टच्या जीपने मला बैहरला सोडलं. तोवर बँड क्लॅरिनेटशिवाय वाजत होता आणि मुलीचे मामा विचारत होते की हे लग्न आहे की कवायत.  पुढचे आठ दिवस मास्टर माझ्याशी फक्त हातवाऱ्यांनी बोलला.

अशा धावपळीत बारा फोटोंपैकी दहा हललेले यायचे. उरलेल्या दोनांत नुसती फांदी असायची, पाखरू नुकतंच गेलेलं.

फिल्म धुवायला मी स्टुडिओवाल्याकडूनच शिकलो. घरात धान ठेवायची एक बिनखिडकीची कोठी होती. भरदुपारीसुद्धा दार लावून फटींत चिंध्या कोंबल्या की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं नाही. दोन कुंडे घ्यायचे, एकात चित्र उमटवणारा डेव्हलपर, दुसऱ्यात ते पक्कं करणारा हायपो. फिल्मची दोन टोकं दोन हातांत धरून ती डेव्हलपरमधून वर-खाली, वर-खाली खेळवत राहायची, आठ मिनिटं. अंधारात घड्याळ दिसत नाही. स्टुडिओवाल्याकडे चमकणाऱ्या काट्यांचं घड्याळ होतं. माझ्याकडे बिदाईची चाल होती. नवरी सासरी निघताना आम्ही जी धून वाजवायचो, ती सगळ्यांत संथ. तिची एक पूर्ण फेरी, मुखडा, अंतरा आणि परत मुखडा, बरोबर एका मिनिटात व्हायची. स्टुडिओच्या घड्याळावर मी ती दहादा मोजून घेतली होती. आठ फेऱ्या गुणगुणायच्या, फिल्म बाहेर काढायची. याचा मला केवढा गर्व होता. "कोनाचं गजराचं घड्याळ मागून आना, मी बाहेरून टाइम सांगीन," असं बायको एकदा म्हणाली, तर मी तिला म्हणालो, "बजानेवाल्याले घड्याळ सांगतं का?" 

त्या श्रावणात बा बाजाराच्या दिवशी दारात आला. पाणी प्याला. लोटा परत देताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "सारसानं घरटं केलं बांधीत. दोन अंडी हायेत."

एवढं बोलून तो गेला. मी लोटा हातात घेऊन किती वेळ उभा होतो कोण जाणे. बा माझ्याशी आपण होऊन काही बोलला त्याला वर्षं झाली होती. आणि बोलला ते पाखराबद्दल. म्हणजे माझ्या कॅमेऱ्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती, आणि तो तिच्यावर रागावलेला नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही. सारस आमच्या भागातलं सगळ्यांत उंच पाखरू, माणसाच्या खांद्याला लागेल एवढं, लाल डोक्याचं. जोडीने राहतं आणि धानाच्या पाण्यात गवत-काडी रचून घरटं करतं. लहानपणी बाच मला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा करून त्यांचा नाच दाखवायचा.

पावसाळ्यात लग्नं नसतात, त्यामुळे दिवस माझे होते. पहिल्या सकाळी छोटी गाडी पकडून गेलो आणि सरळ बांधीत उतरलो. पन्नास पावलांवर नराने मान उंच करून जी आरोळी ठोकली, ती नदीपलीकडे गेली असेल. दोघंही घरट्यापासून दूर चालत गेली. बा धुऱ्यावरून बघत होता. "तू पाय कसा टाकतं?" त्याने विचारलं. "मांगं पोलीस लागल्यावानी."

मग त्याने मला शिकवलं. माझी पँट काढून त्याचं धोतर नेसायला लावलं. डोक्यावरून घोंगडीची खोळ दिली. तो पुढे फावडं घेऊन चालायचा, धुऱ्याची माती सारखी करायचा, दोन पावलं टाकायचा, थांबायचा, परत माती. मी त्याच्या मागे, त्याच्याच पावलात पाऊल टाकून. पाखरं त्याला ओळखत होती. रोज आम्ही घरट्याच्या थोडं अधिक जवळ जायचो आणि तिथेच ओल्या धुऱ्यावर बसून राहायचो. बा तास तास हलायचा नाही. माझ्या मांडीत मुंग्या यायच्या, बोटं आपोआप क्लॅरिनेटच्या चाव्या दाबत राहायची. बा त्या बोटांकडे बघायचा. एका सकाळी नराने पंख पसरून उड्या मारायला सुरुवात केली, मान वर, मान खाली. बा हळूच म्हणाला, "पाह्य. याच्यासाठी कोनी वाजवत नाई, तरी नाचते." ते बोलणं माझ्यासाठी होतं की स्वतःसाठी, मला कळलं नाही. 

भादवा लागला आणि गणपती बसले. बँड पुन्हा सुरू झाला, आरत्या, मिरवणुका. बाला हे सगळ्यांत जास्त खुपायचं. "जे देव आपन सोडले, त्यायच्याच म्होरं तू वाजवतं," तो म्हणाला. मी म्हणालो, "मी मास्टरसाठी वाजवतो, बा." हे उत्तर मला स्वतःलाही पटत नव्हतं. नेमकं विसर्जनाच्या आदल्या दिवशी गावाकडच्या एका माणसाबरोबर निरोप आला. एक अंडं फुटलं, पिल्लू बाहेर आलं. सारसाचं पिल्लू एक-दोन दिवसांत घरटं सोडून आईबापामागे पाण्यात उतरतं आणि उंच धानात हरवून जातं. म्हणजे माझ्याकडे एकच सकाळ होती. दुपारी बाराला बँड निघणार होता.

पहिल्या गाडीने गेलो. ढगाळ, पण बऱ्यापैकी उजेड होता. बाच्या मागे मागे मी घरट्यापासून बारा पावलांवर पोचलो. इतक्या जवळ आम्ही कधीच गेलो नव्हतो. मादी बसलेली होती. तिच्या पंखाच्या पिसांतून एक पिवळट-तपकिरी डोकं बाहेर आलं, इकडेतिकडे बघितलं आणि परत आत गेलं. नर मागे उभा राहून मान वाकवून बघत होता. मी श्वास धरून बाराच्या बारा फोटो काढले, आणि त्यातला सातवा, डोकं बाहेर असतानाचा, माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला फोटो आहे हे मला तेव्हाच कळलं. बाला म्हणालो, "झालं." बा म्हणाला, "मंग जाय. तुहा देव वाट पाहून राह्यला असंन." त्यात टोमणा होता, पण त्याच्या तोंडावर किंचित हसू होतं. मी धावत गाडी पकडली.

त्या दिवशीची मिरवणूक मला अजून अंगात आठवते. गणपतीला निरोप म्हणून मास्टरने बिदाईचीच धून काढली. दोन गल्ल्या ती नीट वाजली. मग नाचणारे ओरडायला लागले, "जल्दी, जल्दी." मास्टरने हात उचलला आणि तीच चाल दुप्पट वेगाने सुरू झाली. ढोल, ताशा, त्यावर ती बिचारी बिदाई धावत सुटलेली. सहा तास. नदीपर्यंत तीच, कारण लोकांना तीच पाहिजे होती. माझे ओठ सुजले, क्लॅरिनेटची रीड दोनदा बदलली. आणि सबंध वेळ माझ्या छातीशी, कोटाच्या आत, गुंडाळलेली फिल्म होती.

स्टुडिओवाल्याने सांगितलं होतं, दमलेला असशील तर फिल्म धुऊ नको. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोठीत शिरलो. थकवा अजून अंगात होता, पण मला कुठला धीर. फिल्म डेव्हलपरमध्ये सोडली, हात खेळू लागले, आणि मी गुणगुणायला लागलो. मुखडा, अंतरा, मुखडा. एक. मुखडा, अंतरा, मुखडा. दोन. सगळं कसं छान जमतंय असं वाटत होतं. आठ झाल्या, फिल्म हायपोत टाकली, वेळाने दार उघडलं. बायको बाहेर तांदूळ निवडत बसली होती. तिने ताटातून मान वर केली. "इतक्यात झालं?" ती म्हणाली. "माह्ये अर्धे तांदूळही नाई झाले."

मी फिल्म उजेडाकडे धरली. ती जवळजवळ कोरी होती. नीट बघितलं तर धुक्यात काहीतरी उभं असल्याचा भास व्हायचा, तेवढाच. सातवा फोटो मी शोधला. तिथे एक फिकट डाग होता. स्टुडिओवाल्याकडे नेली, त्याने काचेवर ठेवून बघितली आणि विचारलं, "किती मिनिटं धुतली?" मी म्हणालो, "आठ." तो म्हणाला, "चारही नसतीन." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सहा तास जी चाल दुप्पट वाजवली, तीच माझ्या अंगात राहिली होती. अंधारात मी बिदाई गुणगुणलो, पण मिरवणुकीतली. लयीचा गर्व असलेल्या माणसाने लयीनेच स्वतःचं नाक कापलं होतं. रस्त्यात मी रडलो, आणि लाज वाटली म्हणून सायकल जोरात हाकत राहिलो.

बाला सांगायला जाणं भाग होतं. तीन दिवस टाळलं, चौथ्या दिवशी गेलो. घरटं रिकामं झालं होतं. बा ओसरीवर खाटेवर बसून दोरी वळत होता. मी सगळं सांगितलं, मिरवणुकीसकट, काही लपवलं नाही. मला वाटलं तो म्हणेल, बघ, वाजवण्यानेच तुझं नुकसान केलं.  त्याने दोरी खाली ठेवली.

"कसं मोजलं, म्हनून दाखव."

मी गुणगुणलो. दोन ओळी झाल्या नसतील, त्याने हात वर केला. "हे बिदाई होय? पोरगी पळून चालली असं वाटते." मग त्याने खुंटीवरच्या डफाच्या कड्याकडे पाहिलं. "पुन्ना म्हन," तो म्हणाला, आणि मी म्हणायला लागलो तसा त्याचा उजवा हात खाटेच्या लाकडावर आला. एक बोट पडलं. खूप वेळाने दुसरं. माझा सूर त्याच्या पुढे धावत होता आणि ते बोट मागेच थांबून होतं, घाई करायला तयार नव्हतं. मला माझा सूर मागे आणावा लागला. मुखडा संपला तेव्हा त्याने हात उचलून मांडीवर ठेवला, जसा दुसऱ्याचा हात असावा तसा.

"पिल्लू हाय अजून," तो म्हणाला. "मोठं होऊन राह्यलं. सकाळी तिघंही धुरा ओलांडून नदीकडे जातेत. फिल्म आन."

फिल्म मिळायला तीन आठवडे गेले. दसऱ्याच्या सुमाराला, धान पिवळं पडायला लागलं तेव्हा, मी पुन्हा त्याच्या मागे बसलो. पाखरांना माझ्यावर अजूनही भरवसा नव्हता, म्हणून बा धुऱ्याच्या टोकाला उभा राहिला. फोटोत त्याचं फावडं आणि अर्धा पाय आल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. सूर्य वर आला. नर धुऱ्यावर चढला, मग गुडघाभर उंचीचं पिल्लू धडपडत, मागून मादी. पिसांतून डोकावणारं ते डोकं पुन्हा मिळणार नव्हतं, आणि ते मला आजही मिळालेलं नाही. पण हेही काही कमी नव्हतं. तीन फोटो काढले, हात हलू दिला नाही.

"कवा धुशीन?" बाने विचारलं.

"उद्या दुपारी."

दुसऱ्या दिवशी बाजार नव्हता. बारा वाजता बा माझ्या दारात उभा होता. बायकोने लोटा आणला. तो पाणी प्याला, त्याने चपला काढल्या आणि तो आत आला. एक शब्द जरी बोललो तर तो परत फिरेल अशी मला धास्ती होती. बायकोने घाईघाईने चटई टाकली. ती नेमकी खुंटीखाली पडली, आणि लाल कोटाची बाही त्याच्या डोक्यापासून वीतभरावर लोंबत राहिली. त्याने वर पाहिलं. चटई ओढून कोठीच्या दाराजवळ घेतली आणि तिथे बसला.

मी आत गेलो, दार लावलं, चिंध्या कोंबल्या. अंधारात फिल्म सोडवली.  छाती अशी धडधडत होती की तिच्यावर मोजलं असतं तर दोन मिनिटांत आठ फेऱ्या झाल्या असत्या. "टाकली," मी आतून म्हणालो.

दाराच्या फळीवर बोट पडलं. मग दुसरं, आणि मग तळव्याचा एक खोल ठोका, ज्याच्यावर मी लहानपणी मांडवाबाहेर बसून झोपी जायचो. मी गुणगुणायचं विसरलो. माझे हात त्या ठोक्यावर वर-खाली जायला लागले, वर, खाली, आणि त्यांना कुठेही जायची घाई राहिली नाही. वर्षानुवर्षं माझ्या आत जे पळत होतं ते त्या कोठीत थांबलं. किती फेऱ्या झाल्या मी मोजल्या नाहीत. बाने मोजल्या. ठोका थांबला आणि बाहेरून आवाज आला, "आठ झाल्या. काढ."

फिल्म उजेडात आणली तेव्हा तिघंही तिच्यावर होती, स्वच्छ, नर, पिल्लू, मादी, आणि कोपऱ्यात फावडं. बाने डोळे बारीक करून बघितलं. "सारस काळे दिसून राह्यले," तो म्हणाला. मी सांगितलं, फिल्मवर काळं-पांढरं उलटं दिसतं, कागदावर नीट येतील. तो "हौ" म्हणाला आणि बराच वेळ बघत राहिला. बायकोने चहा आणला. तिला राहवलं नाही. "मामाजी, किती वर्सानं वाजवलं तुमी," ती म्हणाली.

"वाजवलं नाई, बाई," बा म्हणाला. "मोजलं."

मी ओली फिल्म दोरीला चिमटे लावून टांगत होतो, आणि माझा हात पुन्हा घाई करायला लागला होता. एक चिमटा खाली पडला. बाने तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "हळू," तो म्हणाला, आणि चहाचा कप बाजूला ठेवून दाराच्या फळीवर पुन्हा बोटं टेकवली.